दलालीच करायची होती तर इंजिनिअर कशाला झालास?

पत्र:

काका, सप्रेम नमस्कार.

मी २९ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरी साडेसात एकर, त्यातलं दोन एकर विहिरीवर ओलीत, बाकी कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर. सहा वर्षांपासून एका खासगी औष्णिक वीज केंद्रात आहे. पहिली तीन वर्षं बॉयलर मेंटेनन्सला होतो, आता कंट्रोल रूममध्ये शिफ्टला. मला एनर्जी ट्रेडिंगमध्ये, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या कामात, जायचंय. मित्र म्हणतात, एमबीए नसेल तर दारातही उभं करत नाहीत. फी आणि राहणं धरून २२ लाख लागतात. बँक तारण मागते, आणि तारण द्यायला वावराशिवाय काही नाही. बाबांजवळ विषय काढला तर म्हणाले, "इंजिनेर होऊन दलालीच कराची होती तं अडत्याच्या गादीवर बसला असता, माहे चार लाख तं वाचले असते." तेव्हापासून आमचं बोलणं तुटक झालंय. मी सट्ट्याकडे चाललोय का? सहा वर्षांचं इंजिनिअरिंग वाया जाईल का? आणि एमबीए करू की नको?

— एक शिफ्ट इंजिनिअर

उत्तर:

वावर तारण ठेवू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगून टाकतो. दोन वर्षं पगार बंद, डोक्यावर बावीस लाख, आणि बाहेर पडल्यावर मिळणारं टेबल बहुधा तुझ्याच कंपनीसारख्या एखाद्या कंपनीच्या कमर्शियल विभागातलं. त्या टेबलाशी जायला तुला एवढा लांबचा वळसा कशाला?

मी स्वतः याच वाटेनं गेलोय. विदर्भातल्याच एका वीज केंद्रात अकरा वर्षं काढली, मग कमर्शियलला गेलो, मग दिल्लीत एका ट्रेडिंग कंपनीत. आता हिंगणघाटजवळ घरी असतो. तेव्हा माझ्या लिहिण्यात या वाटेचा थोडा पक्षपात असणार, तो वजा करून वाच.

आता बाबा. त्यांचं पत्रात एकच वाक्य आहे, पण मी सगळ्यात जास्त वेळ त्याच वाक्यापाशी थांबलो. ज्या माणसानं जन्मभर आपला माल दुसऱ्यानं ठरवलेल्या भावानं विकला, त्याला भाव ठरवणाऱ्यांच्या बाजूला बसायला निघालेला पोरगा कसा आवडेल? २०२१ चा ऑगस्ट आठव. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं, आणि तुमचं सोयाबीन तेव्हा शेंगेत होतं. ते पोत्यात येईतो भाव निम्म्यावर. डिसेंबरात सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. त्यानं महागाई आटोक्यात आली की नाही यावर तज्ज्ञ भांडत बसोत, तुमच्या घरी चुकारा काही वाढून आला नाही. हे सगळं पाहिलेला माणूस 'ट्रेडिंग' म्हटलं की 'सट्टा' म्हणणारच. त्यांच्या पिढीनं दाभोळचा एन्रॉनही पाहिलाय, आणि २००१ मध्ये ती कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेल्याचंही ऐकलंय. वीज आणि व्यापार हे दोन शब्द एकत्र आले की त्यांच्या कपाळावर आठी येणं अगदी रास्त आहे.

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना हा बाजार समजावून सांग. हर्रास त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. गाडीजवळ व्यापारी येतात, मुठीत कापूस घेऊन धागा ओढून बघतात, ओलावा बघतात, कवडी किती ते बघतात, बोली लागते. पुढच्या गाडीला एक भाव, मागच्या गाडीला शंभर रुपये कमी, का ते विचारायचं नाही. विजेला ना ओलावा, ना कवडी. वीज एक्स्चेंजच्या डे-अहेड मार्केटमध्ये उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक. सकाळी १० ते दुपारी १२ या वेळात विकणारा सांगतो, अमुक भावाखाली देणार नाही. घेणारा सांगतो, तमुक भावावर घेणार नाही. कुणाची बोली कुणाला दिसत नाही. मागणी आणि पुरवठा जिथे जुळतो तो त्या ब्लॉकचा भाव, आणि तो सगळ्यांना सारखा. दोन रुपयांत द्यायला तयार होता त्यालाही तोच, चार मागत होता त्यालाही तोच. (वाहिन्या भरल्या की विभागाविभागाचे भाव वेगळे होतात, पण ती पुढची इयत्ता.) सगळ्या गाड्यांना एकच भाव, हे ऐकल्यावर बाबा काय म्हणतात ते मला जरूर कळव.

आणि दलाली? लायसन्सवाल्या ट्रेडरला अल्प मुदतीच्या सौद्यावर युनिटमागे जास्तीत जास्त ७ पैसे घेता येतात. केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०२० च्या नियमांत तशी मर्यादा घातली आहे. सात पैसे. खेडा खरेदीवाल्याला हा आकडा सांगितलास तर तो चहा न पिताच उठून जाईल.

सट्टा या बाजारात अजिबात नाही असं म्हणून तुला फसवणार नाही. जुलै २०२५ पासून एमसीएक्स आणि एनएसईवर विजेचे वायदे सुरू झालेत. ते पैशांतच मिटतात, तिथे एक युनिटही हलत नाही. कारखान्याला किंवा वीज केंद्राला पुढच्या महिन्याचा भाव बांधून घ्यायला ते कामाचे आहेत. पण शिफ्टच्या मधल्या वेळात मोबाइलवर ते घेणं-विकणं म्हणजे बाबा म्हणतात तेच. ते करू नकोस. पुढे ट्रेडिंग डेस्कवर गेलास तर कंपनीही तुला स्वतःच्या नावानं ते करू देणार नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, सहा वर्षं वाया जाण्याचा. एक हिशेब मांडतो, तुझ्या ओळखीच्या आकड्यांत. हीट रेट, म्हणजे विजेच्या एका युनिटला लागणारी उष्णता, २४०० किलोकॅलरी धर, कोळशाची जीसीव्ही, म्हणजे एका किलोतली उष्णता, ३६००. म्हणजे विजेच्या एका युनिटला पाऊण किलोच्या आतच, ६६७ ग्रॅम कोळसा. तो प्लांटपर्यंत ४५०० रुपये टनानं पडला असं धरू. युनिटमागे कोळशाचे तीन रुपये. प्लांटच्या स्वतःच्या वापराला ७ टक्के गेले की बाहेर पाठवलेलं युनिट पडलं ३ रुपये २३ पैशांना. आता उद्याचा अंदाज असा, की दुपारी सौर वीज भरपूर असल्यानं भाव २ रुपये ४० पैसे राहील आणि सूर्य मावळल्यावर चार तास ८ रुपये. तुझा वीजनिर्मितीचा संच (आपण त्यालाही युनिटच म्हणतो) ३०० मेगावॅटचा. दुपारी सहा तास बंद ठेवशील, की ५५ टक्के टेक्निकल मिनिममवर, म्हणजे ज्याखाली उतरवता येत नाही त्या १६५ मेगावॅटवर, तोट्यात चालवशील?

बंद ठेवलंस तर दुपारचे साडेसात लाख वाचले. (पार्ट लोडला हीट रेट बिघडतो, म्हणजे प्रत्यक्षात जरा जास्तच वाचले, हे तुला मी सांगायला नको.) पण बंद केलेलं युनिट संध्याकाळी सहाला भरल्या लोडवर येईल याची हमी कोण देणार? लाइट-अपला तेल किती जाईल, टर्बाइन किती वेळ घेईल, बॉयलरला पाणी देणारा तो जुना फीड पंप दुसऱ्या स्टार्टला दगा देईल का? आणि संध्याकाळी चार तास पूर्ण लोड मिळाला तर हाती येतात पन्नास लाखांच्या वर. साडेसात वाचवायचे की पन्नास धोक्यात घालायचे, हा निर्णय ज्या टेबलावर होतो ते ट्रेडिंगचं टेबल. तिथे बसलेल्या एमबीएला २४०० आणि ३६०० भागता येतात. फीड पंपाचं मात्र त्याला तुलाच फोन करून विचारावं लागतं.

मला वाटतं या धंद्यात सगळ्यात कमी मिळणारी गोष्ट हीच आहे. उद्या भाव वाढेल की पडेल हे सांगणारे पैशाला पासरी. उद्या संध्याकाळी सव्वासहाला मी २८० मेगावॅट देतो म्हणून शब्द द्यायचा, आणि तो शब्द कशाच्या जोरावर देतोय हे माहीत असायचं, अशी माणसं थोडी. तुला हे अंगवळणी पडलेलं आहे. फक्त आजवर तू ते मेगावॅटमध्ये मोजत आलास, आता रुपयांत मोजायला शीक.

आता वाट. तुझ्या केंद्रात रोज कुणीतरी उद्याची डिक्लेअर्ड कपॅसिटी (किती वीज देऊ शकतो ते) कळवतं, शेड्यूल (कधी किती द्यायची ते) बघतं, दिवसभर त्यात रिव्हिजन टाकतं. ऐरोलीच्या किंवा अंबाझरीच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून 'बॅक डाऊन करा' असा फोन आला की तू लोड उतरवतोस. त्या फोनच्या मागचा कागद ज्याच्याकडे असतो तो माणूस शोध. कुठे त्याला शेड्युलिंग सेल म्हणतात, कुठे कमर्शियल. त्याच्याशी चहापाण्याची ओळख कर, महिन्याचं डीएसएमचं (शेड्यूलपासून हटल्याच्या पैशांचं) बिल मागून वाच, आपण कुठल्या ब्लॉकमध्ये शेड्यूलपासून किती हटलो आणि त्याचे किती पैसे गेले ते बघ. आपल्याच शिफ्टच्या नावावर किती रक्कम चढली आहे हे पाहिलं की पहिल्यांदा जरा धक्का बसतो. मलाही बसला होता. मग तिथे बदली माग. पगार वाढणार नाही, कदाचित शिफ्ट अलाउन्स जाईल. जाऊ दे. दोन वर्षं तिथे काढ.

तोवर एक काम आजपासून. दोनशे पानी रजिस्टर आण. रोज दुपारी बाराच्या आत उद्याच्या चार वेळांचे भाव लिही: सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७, रात्री ११. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. उद्या रविवार आहे, कारखाने बंद. उत्तरेत उष्णतेची लाट आहे. पवनऊर्जेचे दिवस आहेत. अमुक मोठं युनिट ट्रिप झालंय. एक्स्चेंजवर भाव जाहीर झाले की शेजारी लाल शाईनं खरे आकडे लिही. इंडियन एनर्जी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर ९६ च्या ९६ ब्लॉकचे भाव फुकट बघायला मिळतात. देशाची रोजची मागणी-पुरवठा देशाचं ग्रिड सांभाळणाऱ्या ग्रिड-इंडियाच्या अहवालात असते. तीन महिने हे कर. पहिला महिना तुझी लाल शाई तुला लाज आणेल. तिसऱ्या महिन्यात तू कुठे चुकतोस ते दिसायला लागेल; मी स्वतः पावसाळ्यातली पवनऊर्जा कायम कमी धरायचो. मुलाखतीला जाशील तेव्हा हे रजिस्टर सोबत ने. मी समोरच्या खुर्चीवर असतो तर पदवी नंतर बघितली असती.

परीक्षा द्यायचीच तर एनआयएसएमची (सेबीच्या शिक्षणसंस्थेची) सिरीज १६, कमोडिटी डेरिव्हेटिव्हजची, घरी बसून अभ्यास करून देता येते. नागपुरात अंबाझरी भागात राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आहे, तिथे छोटे अभ्यासक्रम कधी लागतात ते विचारत राहा. एक्सेल पक्कं कर, मग थोडं पायथन. आणि नियामक आयोगाचे आदेश वाचायची सवय लाव, इंग्रजी कितीही रटाळ असलं तरी. डेस्कवर बोलणं बरंचसं हिंदीत चालतं, पण पैसा आदेशात असतो. एप्रिल २०२२ मध्ये आयोगानं एक्स्चेंजवरची कमाल किंमत युनिटला २० रुपयांवरून १२ वर आणली, पुढच्या एप्रिलात १० वर. ज्यांनी महाग कोळसा घेऊन जास्त भावाची वाट पाहिली होती त्यांचं गणित एका कागदानं फिरलं. सोयाबीनवाल्यांचं फिरलं तसंच. बाबांना हे नीट समजेल.

एमबीए कायमचं बाद असं मी म्हणत नाही. कमर्शियलमध्ये दोन-तीन वर्षं झाली, कंपनी निम्मी फी भरायला तयार झाली किंवा नोकरीसोबत करता आलं, तर कर. आज नको.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे हे टेबल कसं असतं ते कळेल. २०१६ सालची गोष्ट. बॉयलरचं ट्यूब लीकेज दुरुस्त करून एक युनिट वर येत होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापासून ४० मेगावॅट विकायचे ठरले. सहाला सुरू होणारा ब्लॉक म्हणजे ७३ वा, आणि रात्री दहाला संपणारा ८८ वा. बाराला पाच मिनिटं होती. मी आदल्या दिवशीच्या एक्सेलमधून चिकटवलं आणि चार ओळी वर सरकल्या. विकलं गेलं ६९ ते ८४, म्हणजे पाच ते नऊ. एकच्या सुमारास निकाल आला, आम्ही खूश, सौदा लागला म्हणून. चूक दिसली वीज द्यायच्या दिवशी दुपारी चार वाजता, प्लांटमधल्या शिफ्ट इनचार्जला. त्यानं फोन करून एवढंच विचारलं, "साहेब, पाच वाजता तुमी वीज कुठून देनार हाय?" युनिट तेव्हा नुकतं सिंक होत होतं, म्हणजे ग्रिडला जोडलं जात होतं. तासाभराची वीज दिलीच नाही, डीएसएमचा भुर्दंड बसला, आणि नऊ ते दहाची वीज विकायची राहिली ती वेगळीच. लाखाच्या पुढे गेलं प्रकरण. वरिष्ठ ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बारा वाजायच्या आत दुसऱ्या माणसानं ब्लॉक मोठ्यानं वाचून दाखवायचे असा नियम केला. त्या नियमाला ऑफिसात माझं नाव पडलं, आणि ते बरीच वर्षं टिकलं.

आज अशी चूक सावरता येते. १ जून २०२० पासून रिअल टाइम मार्केट आहे, दर अर्ध्या तासाला लिलाव, दिवसाला ४८. मात्र याचा दुसरा अर्थही ध्यानात घे. नाइट शिफ्ट सुटेल या आशेनं तू इकडे येत असशील तर ती आशा सोड. रात्री अडीच वाजताही कुणीतरी बोली भरत असतं, आणि नवीन आलेल्याची पाळी रात्रीचीच असते.

तुझं काय सुटेल तेही सांगतो. या नोकऱ्या दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, मुंबई, अहमदाबादला. नागपुरात थोड्या. वेचणीच्या दिवसांत दोन दिवस सुट्टी काढून घरी जाणं जमणार नाही. आणि यंत्र सुटेल. पहाटे चार वाजता युनिट सिंक झाल्यावर कंट्रोल रूममध्ये जो एकदम सैल श्वास सुटतो ना सगळ्यांचा, तसं काही स्क्रीनपुढे होत नाही. मला ते अजून आठवतं. वर्षभर तरी तुला करमणार नाही, हे धरून चाल.

बाबांशी बोलायला एक विषय देतो. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला एक आठवडा दिवसा लाइन, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात टॉर्च घेऊन, सापाला आणि रानडुकराला भीत ते वावरात जातात. शेतीचा लोड रात्री ढकलायचा, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत ग्रिडवर ताण येत नाही, असं ते जुनं गणित. आता दुपारी सौर वीज जास्त होते म्हणून तोच लोड दिवसा आणायचं चाललंय, सौर कृषी वाहिनी योजना त्याचसाठी. कुठल्या तासाला वीज स्वस्त आणि कुठल्या तासाला महाग, याचा परिणाम ते इतकी वर्षं थंडीत उभे राहून भोगत आलेत. ते गणित तू शिकायला जातोयस, एवढं त्यांना सांग. लगेच पटेल असं नाही. रजिस्टर घरी गेल्यावर त्यांच्यासमोरच भर, आणि उद्या संध्याकाळचा भाव काय लागेल ते त्यांनाही विचार. बाजाराचा अंदाज बांधण्यात त्यांचा अनुभव तुझ्याहून मोठा आहे.

बदलीचा अर्ज या महिन्यातच टाक. त्यात 'ट्रेडिंग' हा शब्द लिहू नकोस, 'शेड्युलिंग व कमर्शियल' असं लिही. पहिल्या शब्दानं एचआरवालेही तुझ्या बाबांसारखेच बिचकतात.